शेपटाकडचा नारळ

सायकलच्या सीटखाली, मागच्या चाकाच्या वर, एक लांबट पिशवी आडवी बांधलेली असते. ती मी. मित्रांनो, आता मी जुनी झाले आहे. मूळचा काळा रंग उन्हाने राखाडी झाला, एक पट्टा बदलावा लागला, आणि माझ्या आत, अगदी नाकाशी, हळदीचा एक डाग आहे. ज्या घरात मी राहते ते एकेकाळी कापड रंगवणाऱ्यांचे घर होते. डाग काढायची विद्या तिथे सगळ्यांना येते. हा डाग मात्र मुद्दाम ठेवलेला आहे. का, ते सांगते.

आधी माझा देह समजून घ्या, नाहीतर पुढचे भांडण कळणार नाही. मला नाक आहे, पोट आहे आणि शेपूट आहे. नाक अरुंद. ते सीटच्या दांड्याला टेकते आणि तिथे एका पट्ट्याने आवळले जाते. पोट दोन पट्ट्यांनी सीटखाली लटकते. शेपूट मागे हवेत मोकळे असते, त्याला कोणी धरलेले नसते. आणि माझे तोंड, म्हणजे सामान भरायची जागा, नेमके या शेपटाच्या टोकाला आहे. ज्याने माझा आराखडा काढला तो बहुधा आईपासून लांब वाढला असावा. पिशवीत शेवटची वस्तू कोण घालते, हे त्याला ठाऊक नव्हते.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. जाड, पाणी न धरणारे कापड, दुहेरी शिवण, चांगल्या प्रतीचे पट्टे. तिथून मी दुकानात आले. काचेआड टांगताना त्यांनी माझ्या पोटात रद्दीचे बोळे कोंबले होते. तेव्हा मी इतकी ताठ आणि देखणी दिसे की येणारे-जाणारे थांबून बघत. माझ्याविषयीचा आणि माझा स्वतःविषयीचा गैरसमज तिथेच सुरू झाला. पोटात रद्दी असली की कोणीही ताठ दिसते.

मला भाग्याने घेतले. भाग्या मैसूरच्या नजरबादला राहते आणि शाळेत गणित शिकवते. घरी तिची आई गौराबाई आणि वडील सुब्बराव. भाग्या सायकलवाल्यांच्या एका गटात होती. पाऊस जरा ओसरला की दसऱ्याच्या आधी हा गट मैसूरहून तलकावेरीला जातो. वाटेत मुक्काम, मग मडिकेरीचा चढ, आणि शेवटी डोंगरावर, जिथे कावेरी उगम पावते तिथपर्यंत. भाग्याने जायचे ठरवले. गौराबाईंनी त्याच दिवशी नवस बोलून टाकला: डावा गुडघा बरा झाला तर माझी लेक स्वतःच्या पायांच्या बळावर कावेरीला नारळ नेईल. गुडघा एकीचा आणि पाय दुसरीचे, हे कावेरीला चालेल का, असे सुब्बरावांनी विचारले. 

गुडघा बरा झाला. आम्ही निघालो. आणि मी हलले.

मित्रांनो, हलले म्हणजे कशी, ते स्पष्ट सांगायला हवे. सपाट रस्त्यावर फारसे कळले नाही. चढ लागला, भाग्या पेडलवर उभी राहिली, की सायकल डावीकडे झुके आणि मी उजवीकडे जाई. सायकल उजवीकडे येई तोवर मी डावीकडे निघालेली असे. आमचे कधी जमले नाही. भाग्याच्या मांड्या दोन्ही बाजूंनी घासल्या जात होत्या. उतारावर तर मागचे चाक माझ्या मर्जीने वागू लागले. गटाची पुढारी होती पूजिता, जयलक्ष्मीपुरमची, वयाने भाग्याहून लहान पण शिस्तीने मोठी. मडिकेरीच्या अलीकडे एका वळणावर भाग्या दरीच्या बाजूला सरकली, तेव्हा पूजिताने शिट्टी वाजवली आणि सायकल सामानाच्या व्हॅनमध्ये चढवली. भाग्याही चढली. मीही, आणि माझ्या पोटातला नारळही.

घरी परतल्यावर गौराबाईंनी दारातच विचारले, "नारळ कोणी नेला?"

"मीच नेला, आई."

"पायांनी?"

भाग्या खोटे बोलत नाही. "व्यानने," ती म्हणाली.

तेव्हापासून गौराबाईंचा डावा गुडघा परत बोलू लागला. डॉक्टर म्हणाले, वय झाले. गौराबाई म्हणाल्या, व्यान झाली. गल्लीतही बातमी पसरली. भाग्या सायकल बाहेर काढी आणि शेजारच्या वेदवतीबाई कट्ट्यावरून विचारीत, "काय गे भाग्या, आज व्यान मागनं येणार काय?"

मला दाराआडच्या खिळ्याला टांगले. सुब्बरावांनी माझ्यात जुने पोते कोंबले. पालीने माझ्या बगलेत घर केले. कधी कोणी माझ्याकडे बघितलेच तर सुब्बराव म्हणत, "कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच." मी निर्दोष होते, पण मला कोणी विचारले नाही.

पुढच्या वर्षी भाग्याने मला खाली काढले. तिला परत जायचे होते. या वेळी वरपर्यंत सायकलनेच, आणि नारळही तसाच. पूजिताने फोनवर सांगून टाकले होते, "भाग्याक्का, ये की, नको-बेडा कोण म्हणतंय. पण ब्याग हलली तर व्यान. या वेळी मडिकेरीपर्यंत थांबणार नाही, सुरुवातीलाच चढवीन."

भाग्या कामाला लागली. तिने प्रत्येक वस्तू स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली. पंक्चरचे सामान, पंप आणि कुलूप ही जड मंडळी नाकाशी. हलके कपडे मागे. कुठे पोकळी राहिली तर मोजा कोंबला. तोंड गुंडाळण्याआधी गुडघ्याने दाबून हवा काढली. आधी दांड्याचा पट्टा आवळला, मग सीटचे दोन, मग परत दांड्याचा, कारण सीटचे ओढले की तो सैल पडतो. मग वरुण्याच्या रस्त्याने, भाताच्या खाचरांमधून, आम्ही जाऊन आलो. मी हलले नाही. दुसऱ्यांदा गेलो. हलले नाही. भाग्या मुद्दाम उभी राहून सायकल डाव्या-उजव्या बाजूला झोकत होती आणि मी दांड्याला चिकटून, शहाण्या सुनेसारखी, मान खाली घालून बसले होते.

"गेल्या वर्षी पट्टे सैल राहिले असणार," भाग्या घरी म्हणाली. तिच्या मते प्रश्न सुटला होता.

मला खरे कारण माहीत होते. पण पिशवीला तोंड असते ते भरण्यापुरते.

पूजिताने स्वतः बघायचे ठरवले. रविवारी सकाळी, चामुंडीच्या डोंगरावर. मला आदल्या दिवशीच काटेकोर भरले होते. भाग्या सायकल घेऊन उंबऱ्याबाहेर आली, तेवढ्यात गौराबाई आल्या. हातात नारळ, हळद लावलेला, खणात गुंडाळलेला.

"डोंगरावर चाललीस आणि चामुंडीआईला रिकाम्या हातानं भेटतीस?"

त्यांनी माझे तोंड उलगडले. नारळ सगळ्यांत वर ठेवला. या घरात देवाची वस्तू कपड्यांच्या खाली जात नाही, ती नेहमी वरच. मी उभी असते तेव्हा "वर" म्हणजे वर. मला आडवी बांधली की "वर" म्हणजे शेपूट. हे गौराबाईंनी कधी बघितले नव्हते, कारण त्या दारातच थांबतात.

गेल्या वर्षीही हेच झाले होते. सरावाला नारळ नसायचा. प्रवासाला असायचा.

डोंगराच्या चढावर भाग्या उभी राहिली आणि मी सुटले. नारळ नुसता जड नव्हता, गोल होता. तो माझ्या शेपटात लोळत होता, आतले पाणी वेगळे हिंदकळत होते आणि मी त्या दोघांच्या मागे फरफटत होते. मागून पूजिताचा आवाज आला.

"भाग्याक्का, थांब जरा. तुझी ब्याग मला टाटा करतेय."

भाग्या थांबली. तिचा चेहरा उतरला होता. पूजिताने माझे तोंड उघडले आणि हात घातला.

"हे काय?"

"नारळ."

"ते दिसतंय. वजनात धरला होतास?"

"नारळ कुठे वजनात धरतात, पूजिता? तो देवाचा."

पूजिताने नारळ हातात तोलून पाहिला. "तू मुलांना गणित शिकवतेस ना?"

"हो."

"मत्ते, मग?"

 भाग्या नारळाकडे बघत होती. तिने पंपापासून मोज्यांपर्यंत सगळे तोलले होते आणि सगळ्यांत जड वस्तू तिच्या हिशेबात कधी आलीच नव्हती. लबाडीने नव्हे, मित्रांनो. देवाचे ओझे हे ओझे असते, असे तिला कोणी सांगितले नव्हते.

पूजिताने नारळ आपल्या शर्टच्या मागच्या खिशात घातला. ती उंटासारखी दिसू लागली. मी सरळ झाले.

"सोपं आहे," वर पोचल्यावर पूजिता म्हणाली. "नारळ आधी घाल, नाकात. पंप, कुलूप दुसरीकडे बांध. कपडे नारळाच्या मागे."

"म्हणजे कपड्यांखाली? आई घरात घेणार नाही."

"मग नारळ व्यानमध्ये."

"मग गुडघा?"

"कुणाचा गुडघा?"

भाग्याने सांगितले. पूजिताने ऐकून घेतले. "गुडघ्याची जबाबदारी मी घेत नाही," ती म्हणाली. "निघू त्या दिवशी मी तुझ्या मागे असेन. हुणसूरपर्यंत बघीन. हलली तर सायकल वर, तू वर, नारळ वर."

घरी जे व्हायचे ते झाले.

"घातलेल्या मोज्यांच्या खाली कावेरीचा नारळ?" गौराबाई म्हणाल्या. "अय्यो, त्यापेक्षा गुडघा तसाच राहू दे."

"मोजे धुतलेले आहेत, आई."

"मोजा तो मोजा."

"मग व्यानने जाऊ दे."

"व्यानमधनं देव जातो काय?"

"गेल्या वर्षी गेला की," सुब्बराव म्हणाले.

"म्हणून तर ही दशा," गौराबाईंनी गुडघा पुढे करून दाखवला.

दोघी दोन दिवस एकमेकींशी सुब्बरावांमार्फत बोलत होत्या. भाग्याने नारळ सोडून जायचे तर आईचा नवस बुडत होता. नारळ शेपटाला न्यायचा तर भाग्याची यात्रा बुडत होती. मी खिळ्याला लटकत दोन्ही बाजू ऐकत होते आणि दोन्ही मला पटत होत्या.

तिढा सुटला तो रस्त्यावर. दसऱ्याचे हत्ती गावात आले होते. त्यांना रोज राजवाड्याकडून चालायचा सराव देतात. त्या सकाळी भाग्या, गौराबाई आणि सुब्बराव बाजारातून परतत होते. पोलिसाने चौकात अडवले. भाग्याने सायकल टेकवली, मी सीटखाली होते, गौराबाई गुडघा धरून कडेच्या पायरीवर बसल्या. हत्ती आले. सगळ्यांत मोठ्याच्या पाठीवर आधी जाड गाद्या, त्यांवर वाळूची पोती, आणि पोटाखालून करकचून आवळलेले दोरखंड. हत्ती डुलत होता. पोती डुलत नव्हती. मी जन्मात कोणाचा हेवा केला असेल तर त्या पोत्यांचा.

सुब्बराव बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "गौरा, अंबारी हत्तीच्या शेपटाला बांधतात काय गे?"

"काहीतरीच बोलता तुम्ही. देवी बसती त्यात."

"मग कावेरीचा नारळ शेपटाला कशाला बांधतीस?"

गौराबाईंनी सुब्बरावांकडे बघितले. मग सायकलकडे. मग वाकून, गुडघ्याची पर्वा न करता, माझ्याकडे बघितले. मला वाटते, मी आडवी कशी असते हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. त्यांचा चेहरा बदलला.

"म्हणजे इतके दिवस मी देवाला..."  शेवटचा हत्ती जाऊन त्याचे शेण उचलले जाईपर्यंत त्या माझ्याकडेच बघत होत्या. मग म्हणाल्या, "पण भरताना कपडे नारळाच्या वर पडतात. तिथं काय करणार?"

"ब्याग आडवी ठेवून भरू," भाग्या म्हणाली. "मग वर काही नाही. नारळ पुढे, कपडे मागे."

"उभी करायची नाही."

"नाही करणार."

"एक क्षणसुद्धा?"

"एक क्षणसुद्धा नाही, आई."

अशा रीतीने, मित्रांनो, मैसूरमध्ये कोणत्याही पिशवीला मिळाला नसेल असा मान मला मिळाला. निघायच्या पहाटे मला पुसलेल्या चटईवर आडवे निजवले. सुब्बरावांनी माझे तोंड फाकवून धरले. गौराबाईंनी खांद्यापर्यंत हात घालून नारळ माझ्या नाकात बसवला. खण ओला होता, हळद ताजी होती. तो डाग तेव्हाचा. नारळ नाकात असा बसला की जणू दोघे एकमेकांसाठीच बनले होते. मग भाग्याने धुतलेले कपडे एकामागून एक घट्ट सारले. मोज्यांना गौराबाईंनी प्रवेश नाकारला, ते हँडलच्या पिशवीत पंपासोबत गेले. शेवटी सुब्बराव आणि गौराबाई माझ्या तोंडाच्या दोन टोकांना बसले आणि ओल्या साडीला पीळ घालावा तसा, एकमेकांकडे न बघता, एकाच लयीत त्यांनी मला गुंडाळले. माझ्यातली सगळी हवा गेली. आजवर मला इतके घट्ट कोणी धरले नव्हते.

मग मला आडवीच उचलून, तिघांनी मिळून, दाराबाहेर काढले. वेदवतीबाई कट्ट्यावरून उठल्या. "काय झालं? कोण आजारी?"

"कोणी नाही," सुब्बराव म्हणाले. "नारळ चाललाय."

पट्टे आवळले गेले. पूजिता सायकल घेऊन हजर होती. तिने मला अंगठ्याने ढकलून पाहिले. मी ढळले नाही. सगळे ठीक चालले होते. तेवढ्यात गौराबाई घरात गेल्या आणि पुळियोगरेच्या गोज्जूची, म्हणजे चिंचभाताच्या मसाल्याची, काचेची मोठी बरणी घेऊन आल्या. मुक्कामाला भातात कालवून खाता येईल म्हणून. त्यांचा हात सवयीने माझ्या तोंडाकडे आला.

भाग्याने श्वास रोखला. मीही रोखला असता, पण माझ्यात हवाच उरली नव्हती.

गौराबाईंचा हात थांबला. त्यांनी बरणीकडे पाहिले, माझ्या शेपटाकडे पाहिले, आणि वळल्या. "पूजिता, तुझ्या पिशवीत जागा आहे की स्वल्प?"

पूजिता शिस्तीची होती. पण समोर गौराबाई होत्या, आणि त्या बरणी पुढे करून उभ्या होत्या. पूजिताने आपल्या बॅगेचे तोंड उघडले.

हुणसूरपर्यंत ती आमच्या मागे होती. गतिरोधक आले, खड्डे आले, बसला वाट द्यायला भाग्याला कडेच्या खडीवर उतरावे लागले. मागून शिट्टी आली नाही. हुणसूरला चहाला थांबलो तेव्हा पूजिता फक्त म्हणाली, "चल, व्यान तुझी नाही." भाग्याने चहाचा पेला खाली ठेवला, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि परत पेला उचलला.

त्यानंतर पूजिता पुढे गेली. मडिकेरीच्या चढावर ती पेडलवर उभी राहिली. तिची बॅग, माझीच जातबहीण, डावीकडे गेली, उजवीकडे गेली, परत डावीकडे.

"पूजिता," भाग्या मागून म्हणाली, "तुझी ब्याग मला टाटा करतेय."

"गोज्जू आहे," पूजिता धापा टाकत म्हणाली. "गोज्जूला वजन नसतं."

दुसऱ्या दिवशी भागमंडलानंतरचा शेवटचा चढ भाग्याने पेडलवर उभे राहून, मधे तीनदा बसून, पण सायकलवरच चढला. वर धुके होते. तिने मला आडवीच सोडवली, आडवीच नेली. कपडे बाहेर काढले आणि नाकातून नारळ ओढून घेतला. मग घरी फोन लावला. "आई, पायांनी आला."

पलीकडे फोन हातातून हातात गेला. मग सुब्बराव बोलले, "ती चालून दाखवतेय मला. खोलीभर."

मित्रांनो, त्यानंतर मी पुष्कळ प्रवास केले. मला भरण्याची पद्धत आता घरात ठरून गेली आहे: जड ते आधी आणि दांड्याशी, पोकळी ठेवायची नाही, हवा काढायची, पट्टे दोनदा बघायचे. पावसातून आल्यावर मला उलटी करून सावलीत वाळवतात. पोते परत कधी आले नाही. पालही गेली. एका पिशवीने याहून काय मागावे?

तरी एक मागणे आहे. मागच्या आठवड्यात गौराबाई पायरी उतरताना थांबल्या आणि त्यांनी उजवा गुडघा दाबून पाहिला. संध्याकाळी मी त्यांना सुब्बरावांना सांगताना ऐकले, की एका गुडघ्याला एक नारळ, तर या खेपेला दोन जायला हवेत, नाहीतर डावा रुसेल.

माझ्या नाकात जागा एका नारळाची आहे. दुसरा कुठे जाणार, ते तुम्हाला कळले असेल. म्हणून, मित्रांनो, तुमच्या घरच्या पिशव्यांना जपा, असे मी म्हणत नाही. त्या आपले बघून घेतील. तुमच्या घरच्या आयांचे गुडघे जपा.